पंप कोणाच्या हातात? किशोरवयातला दमा आणि आत्मविश्वास

दमा हा श्वासनलिकांचा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. फुप्फुसांत हवा नेणाऱ्या नळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज असते आणि माणूस वरून ठणठणीत दिसत असतानाही ती पुरती ओसरलेली नसते. धूळ, धूर, सर्दी, गार वारा, धावणे, कधी नुसते पोट धरून हसणे, एवढे निमित्तही तिला पुरते. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो, वाट अरुंद होते. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अवघड होते आणि अरुंद वाटेतून निसटणाऱ्या हवेची शिट्टी छातीतून ऐकू येते. काही मुलांना शिट्टी नसतेच. त्यांना पहाटे नुसती कोरड्या खोकल्याची उबळ येते आणि घरचे महिनोन्महिने ती सर्दी समजून काढे पाजत राहतात.

या आजाराचा स्वभाव चढउताराचा आहे. दुपारी मैदानावर धावणारा मुलगा पहाटे तीनला उशी पाठीशी घेऊन अंथरुणात बसलेला असतो आणि सकाळी पुन्हा दप्तर घेऊन शाळेला निघतो. मोडलेला हात साऱ्या वर्गाला दिसतो, दमा दिसत नाही. त्यामुळे तो विसरता येतो आणि लपवताही येतो. लहान मुलाला विसरण्या-लपवण्याचा प्रश्न नसतो, कारण औषध आईच्या हातात असते. मोठा माणूस नोकरी-संसाराच्या धाकाने का होईना, औषध घेतो. मधल्या वयात, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना ज्याला किशोरवय म्हणते त्या १० ते १९ या वर्षांत, आईचा हात सुटत आलेला असतो आणि स्वतःचा हात अजून बसलेला नसतो. किशोरवयीन दम्याचे बहुतेक प्रश्न या मधल्या जागेत तयार होतात.

शरीरातही याच वर्षांत मोठी उलथापालथ होते. लहानपणी दमा मुलग्यांमध्ये अधिक आढळतो. वयात येताना हे पारडे फिरते आणि तारुण्यात तो मुलींमध्ये व स्त्रियांमध्ये अधिक दिसतो. वाढत्या फुप्फुसांच्या मानाने श्वासनलिकांचा आकार आणि संप्रेरकांमधले बदल ही त्यामागची मुख्य कारणे मानली जातात. काही मुलींना पाळीच्या आधीच्या दिवसांत धाप वाढल्याचे जाणवते. ही गोष्ट त्या क्वचितच कोणाला सांगतात, कारण पाळी आणि दमा हे दोन्ही आपल्याकडे दबक्या आवाजातले विषय आहेत. ‘वयात आला की दमा जातो’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य अर्धे खरे आहे. पुष्कळ मुलांचा त्रास या वयात खरोखर कमी होतो, पण कोणाचा होईल हे आधी सांगता येत नाही, आणि जाईल या भरवशावर औषध थांबवणे म्हणजे पावसाळा संपला असे ठरवून जुलैत छत्री टाकून देणे.

किशोरांच्या स्वतःच्या साक्षीला वैद्यकाने फार पूर्वीपासून महत्त्व दिलेले नाही. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘इसाक’ या आंतरराष्ट्रीय पाहणीने त्या बाबतीत एक चांगली गोष्ट केली. मुलांमधला दमा व ॲलर्जी यांची अनेक देशांत एकाच पद्धतीने मोजणी करण्याचा तो प्रयत्न होता. भारतातल्या केंद्रांमध्ये मुंबई, पुणे आणि अकोला यांचा समावेश होता. त्यात ६-७ वर्षांच्या मुलांची प्रश्नावली पालकांनी भरायची होती, तर १३-१४ वर्षांच्या मुलांनी आपली आपण. रात्री खोकला येतो का, धावल्यावर छातीत शिट्टी वाजते का, याचे उत्तर देण्याइतके हे वय जाणते आहे, असे त्या पाहणीने गृहीत धरले. दवाखान्यात मात्र आजही तेरा वर्षांच्या मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या खुर्चीवरून आई देते.

दम्याच्या उपचारातले सर्वांत ओळखीचे साधन म्हणजे पंप, आणि तो एका किशोरवयीन मुलीच्या प्रश्नातून जन्माला आला. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. त्या काळी औषधाचे तुषार उडवण्यासाठी रबरी फुग्याचे काचेचे उपकरण वापरावे लागे. ते अवजड, ठिसूळ आणि चारचौघांत काढायला नकोसे वाटणारे होते, शिवाय प्रत्येक वेळी किती औषध गेले याचा नेम नसे. केसांवर मारायचा फवारा डबीत मिळतो, तर माझे औषध तसे का मिळू नये, असे तिने वडिलांना विचारले. कंपनीच्या प्रयोगशाळेत काम सुरू झाले आणि मोजून ठरावीक मात्रा देणारा, मुठीत मावणारा पंप १९५६ च्या मार्चमध्ये बाजारात आला. मोठ्यांनी सहन करून घेतलेली गैरसोय एका मुलीने नाकारली आणि औषध रुग्णाच्या खिशात आले.

या गोष्टीचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही, पण किशोरांच्या आत्मविश्वासाचा विचार करताना तो टाळता येत नाही. १९६० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये दम्याने होणारे मृत्यू झपाट्याने वाढले. ५ ते ३४ या वयोगटात ते सुमारे तिप्पट झाले, तर १० ते १४ वर्षांच्या मुलांमध्ये १९६६ पर्यंत जवळजवळ सात-आठ पट. संशयाची सुई नव्याने आलेल्या पंपांकडे, विशेषतः आयसोप्रिनॅलिन या औषधाच्या तीव्र मात्रेकडे वळली. औषधाचा थेट परिणाम किती आणि उपचाराला झालेला उशीर किती, यावर तज्ज्ञांचा वाद पुढे बराच काळ चालला. एक गोष्ट मात्र उघड होती. दहा-बारा वर्षांचे मूल स्वतःचा पंप स्वतः मारण्याइतके मोठे झालेले होते, पण पंप पुरेना झाला की डॉक्टरकडे धावायचे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. फवारा मारला की मोकळे वाटते. पुन्हा आवळले की पुन्हा फवारा. प्रत्येक फवाऱ्यागणिक धीर वाढत जातो आणि आतली सूज मात्र वाढतच असते. इशारे दिले गेले, पंप विनाचिठ्ठी मिळणे बंद झाले आणि मृत्यूंचे प्रमाण खाली आले.

तात्पुरता आराम आणि खरा ताबा यांतला हा फरक म्हणजे दम्याच्या साऱ्या स्वावलंबनाचा पाया आहे. आवळलेले स्नायू सैल करणारे औषध, आपल्याकडे सर्वपरिचित असलेले साल्ब्युटामॉल, काही मिनिटांत काम करते आणि त्याचा प्रभाव चार-सहा तासांत उतरतो. सूज उतरवणारे औषध, म्हणजे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड, ते १९७२ पासून वापरात आहे. त्याचा गुण लगेच कळत नाही. तो काही दिवस-आठवड्यांनी जाणवतो आणि जाणवतो तोही काही न होण्याच्या रूपाने. रात्र शांत गेली, जिना चढताना थांबावे लागले नाही, एवढेच. चौदा वर्षांच्या मुलाला पहिले औषध मित्रासारखे वाटते आणि दुसरे गृहपाठासारखे. म्हणून तातडीचा पंप दप्तरात सापडतो आणि रोजचा पंप फ्रिजवर धूळ खात पडतो. पंपात इलेक्ट्रॉनिक गणक बसवून झालेल्या मोजण्यांत या वयाची मुले रोजच्या औषधाच्या निम्म्याच्या आसपासच मात्रा घेताना वारंवार दिसली आहेत, आणि विचारल्यावर ती सांगतात त्याहून प्रत्यक्षातला आकडा कमी निघतो.

हा प्रश्न इतका जुना आणि चिवट ठरला की उपचारांची दिशाच बदलावी लागली. दम्याविषयीच्या ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक गटाने २०१९ मध्ये सांगितले की १२ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या कोणालाही नुसत्या तातडीच्या पंपावर ठेवू नये. आराम देणाऱ्या औषधासोबत सुजेवरचे औषधही छातीत गेले पाहिजे. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल यांचा एकत्र पंप गरजेप्रमाणे घेण्याची पद्धत त्यातून रूढ होत आहे. विसराळू वयाला दोष देण्यापेक्षा औषधच त्या वयाच्या सवयीला जुळवून घेणे, हा त्यातला शहाणपणा आहे. भारतात त्याची निकड अधिक आहे, कारण जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात असताना दम्याने होणाऱ्या जगभरच्या मृत्यूंत भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या पुढे असल्याचे आजारांच्या जागतिक भाराचे अंदाज सांगतात. औषधे देशातच तयार होतात, आणि तरीही हे असे आहे.

आत्मविश्वास या शब्दाचा इथला अर्थ नीट पाहायला हवा. ‘घाबरू नकोस, तुला काही होत नाही’ असे दहादा ऐकून जो येतो तो आत्मविश्वास पहिल्या जोरदार उबळीला मोडतो. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाची मुळे मांडली. स्वतः करून पाहिलेले यश हे त्यातले सर्वांत बळकट मूळ. आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणे, विश्वासातल्या माणसाचा शब्द आणि स्वतःच्या शरीराच्या खुणांचा लावलेला अर्थ ही बाकीची. दम्याला हे जितके लागू पडते तितके क्वचितच कशाला लागू पडत असेल. मध्यरात्री छाती भरून आल्यावर कोणालाही न उठवता नीट बसून, योग्य तऱ्हेने औषध घेऊन, पंधरा मिनिटांनी आपला श्वास परत जागेवर आलेला ज्या मुलीने एकदा अनुभवला, तिला वेगळा धीर द्यावा लागत नाही. आणि तीच मुलगी, औषध घेऊनही श्वास जागेवर येत नाही हे ओळखून वडिलांना हाक मारते, तेव्हा तोही तिचा आत्मविश्वासच असतो.

म्हणून सुरुवात हाताच्या कौशल्यापासून करावी लागते. पंप घेणे सोपे दिसते, पण बहुतेकांचे चुकते, आणि चुकते ते नेमके दाबण्याच्या क्षणाला. डबी चांगली हलवायची. ताठ बसून किंवा उभे राहून श्वास सावकाश बाहेर सोडायचा, छाती रिकामी होईपर्यंत. तोंडाकडचा भाग दातांमध्ये धरून भोवती ओठ घट्ट मिटायचे. श्वास आत ओढायला सुरुवात झाली की डबी एकदा दाबायची आणि ओढणे थांबवायचे नाही. तीन ते पाच सेकंद, गरम चहा बशीतून सावकाश ओढावा तसे. मग तोंड मिटून मनात दहापर्यंत आकडे. आधी दाबले तर औषध जिभेवर, उशिरा दाबले तर घशात. आरशासमोर उभे राहून पाहिले तर ओठांच्या कोपऱ्यातून पांढरी वाफ निसटताना दिसते, आणि ही एक खूण बरेच काही शिकवते. पंपाला स्पेसर हा पोकळ नळा लावला की दाबणे आणि ओढणे यांचा मेळ घालावा लागत नाही, औषध छातीत अधिक पोचते. पण तो बाटलीएवढा नळा शाळेत काढायची मुलांना लाज वाटते. तेव्हा रोजचे औषध घरी स्पेसरने आणि दप्तरात एक छोटा स्पेसर, ही तडजोड चालण्याजोगी आहे. कॅप्सूलमधली पावडर ओढायच्या रोटाहेलरचे तंत्र नेमके उलटे असते, तिथे श्वास जोराने आणि झटक्यात ओढावा लागतो. एका साधनावरून दुसऱ्यावर आलेली मुले जुन्याच सवयीने ओढतात, आणि ‘हे औषध लागू पडत नाही’ असा ग्रह करून घेतात.

रोजच्या औषधानंतर चूळ भरायची असते, नाहीतर घशात पांढरा बुरशीचा थर धरतो, आवाज बसतो. ‘स्टेरॉइड’ या शब्दाने घरात जी भीती शिरते तिचे उत्तर आकड्यांत देणे बरे. ब्युडेसोनाइड वर्षानुवर्षे घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली, असे अमेरिकेतल्या दीर्घकाळ चाललेल्या एका चाचणीत २०१२ मध्ये दिसले. उंचीची किंमत एवढीच आहे, आणि ती मुलांना सांगावी. आरशापुढे तासभर उभ्या राहणाऱ्या वयापासून उंचीची गोष्ट लपवली आणि ती त्यांना दुसरीकडून कळली, तर पुढच्या कुठल्याच शब्दावर त्यांचा विश्वास बसणार नाही. पंपाची सवय लागते हे मात्र खरे नाही. चष्मा रोज लावावा लागतो म्हणून त्याला कोणी व्यसन म्हणत नाही.

लपवण्याची कारणे नुसत्या लाजेत नाहीत. नववीतला मुलगा मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात जाऊन पंप मारतो, कारण वर्गात काढला तर टोपणनाव पडते. मुलीच्या बाबतीत तर घरच बजावते, कोणाला सांगू नकोस, उद्या स्थळे यायची आहेत. हे बजावणारे तिच्या भल्याचाच विचार करत असतात, पण त्या वाक्यातून मुलगी एवढेच शिकते की तिच्या श्वासात काही तरी कलंक आहे. मग पाहुण्यांच्या घरी, मैत्रिणीच्या हळदीला, सहलीच्या गाडीत ती पंप बाहेर काढत नाही, धाप लागल्यावर मागे राहते, ‘चप्पल चावते’ म्हणून सांगते. लपवलेला दमा उशिरा कळतो आणि उशिरा कळलेला दमा धोक्याचा असतो. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची बारकाईने तपासणी झाली. २०१४ च्या त्या अहवालानुसार सुमारे ४५ टक्के माणसे वैद्यकीय मदत न मागता किंवा ती पोचण्याआधी गेली. त्रास वाढला तर काय करायचे याचा लेखी आराखडा त्यांतल्या जेमतेम चौथ्या हिश्शाजवळ होता.

खेळाच्या मैदानावर हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. जोरात धावताना तोंडाने श्वास घेतला जातो, कोरडी गार हवा थेट नळ्यांत जाते, अस्तर सुकते आणि नळ्या आवळतात. बहुधा सहा-आठ मिनिटांच्या जोरदार श्रमानंतर, कित्येकदा तर धावणे थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी हे सुरू होते आणि अर्ध्या-एक तासात ओसरते. पी.टी.च्या शिक्षकांना वाटते मूल नाटक करत आहे, कारण धावताना ते बरे होते! त्यावर उपाय आहेत. दहा-पंधरा मिनिटे हळूहळू अंग तापवणे, थंडीत नाकातोंडावर रुमाल, डॉक्टरांनी सांगितले असल्यास खेळाआधी औषध, आणि मुख्य म्हणजे रोजचे औषध चोख. खेळाच्या तासाला बाकावर बसवून ठेवणे हा उपाय नव्हे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी अमेरिकी संघाची तपासणी झाली, तेव्हा ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना श्रमाने दमा होत असल्याचे आढळले. त्या ६७ जणांनी ४१ पदके मिळवली. पॉला रॅडक्लिफला चौदाव्या वर्षी हे निदान झाले आणि २००३ मध्ये लंडनला तिने मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. जॅकी जॉयनर-कर्सी ही हेप्टॅथलॉनमधली अद्वितीय खेळाडू. तिने महाविद्यालयात असताना आपला दमा प्रशिक्षकांपासून लपवला होता, पळणे बंद करतील या भीतीने. पुढे तिने तो उघडपणे सांगितला आणि नीट उपचार घेतले. रॅडक्लिफपेक्षा तिची गोष्ट आपल्या मुलांना अधिक जवळची वाटेल, कारण भीतीची वाट ती त्यांच्याच वयाजवळ चालली होती. राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलांना उत्तेजक चाचणीची धास्ती असते. साल्ब्युटामॉलचा पंप ठरवून दिलेल्या मर्यादेत घेणे नियमांना धरूनच आहे.

दम्याला निमित्त ठरणाऱ्या गोष्टी घराघरांत वेगळ्या असतात आणि त्या ओळखण्याचे काम मुलांएवढे चांगले कोणी करत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, कपाटातल्या गोधड्यांना वास येतो, बुरशी वाढते. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले गाजरगवत आज राज्यभर रस्त्याकडेला फुललेले असते आणि त्याचे पराग सर्दी-दम्याला कारण होतात. दसऱ्याआधी जळमटे काढताना मुलाच्या हातात झाडू न देता तोंडाला फडके बांधून मोठ्यांनी ते काम करावे. संध्याकाळी डास येतात म्हणून गोल वेटोळ्याची डास-अगरबत्ती पेटते. अशी एक गुंडाळी जळताना जेवढे सूक्ष्म कण बाहेर पडतात ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या तोडीचे असल्याचे २००३ च्या एका प्रयोगात दिसले. मच्छरदाणी लावणे केव्हाही बरे. दिवाळीत मोठ्या आवाजाच्या फटाक्यांनाच वाईट म्हटले जाते, पण पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने केलेल्या मोजणीत सर्वांत अधिक सूक्ष्म कण निघाले ते मुकाट जळणाऱ्या नागगोळीतून. घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅम इतका तो उच्चांक होता. लहान मुलांच्या हाती निर्धास्तपणे दिली जाणारी ही चीज आहे. कोणत्या निमित्ताला आपली छाती वाजते हे महिनाभर वहीत टिपून ठेवलेले मूल, घरातल्या उदबत्तीबद्दल आजीशी समजुतीने बोलू शकते. ‘आजी, धूर मला सोसत नाही, समई तेवढी राहू दे’, असे नातवाने स्वतः म्हटले तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा लवकर ऐकले जाते. सिगारेट आणि वेप ही मात्र घराबाहेरची, मित्रांमधली परीक्षा आहे. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून कायद्याने बंदी आहे, आणि सुजलेल्या नळ्यांना ती कोणत्याही चवीची असली तरी सोसत नाही.

उपचारांच्या नावाने ज्या वाटा दाखवल्या जातात त्यांचीही मुलांना ओळख हवी. मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादला बथिनी गौड कुटुंबाकडून जिवंत माशाच्या तोंडात घालून दिले जाणारे औषध घ्यायला हजारो लोक जातात, महाराष्ट्रातूनही जातात. त्याने दमा बरा होतो याला शास्त्रीय पुरावा नाही. जाणाऱ्यांची चेष्टा करू नये, त्यांच्या मागे रात्री जागून काढलेली वर्षे असतात. पण जाण्यासाठी चालू औषध बंद करणे जिवावर बेतू शकते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. प्राणायामाने श्वासाची घाई कमी होते, मन निवते, काहींना बरे वाटते. तो औषधासोबत करावा, औषधाऐवजी नव्हे.

मनाची बाजू वेगळी काढून ठेवता येत नाही. सिएटल परिसरातल्या ११ ते १७ वर्षांच्या मुलांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की चिंता किंवा नैराश्याचे विकार दमा असलेल्या मुलांमध्ये जवळपास दुप्पट होते, १६ टक्क्यांच्या आसपास. श्वास कोंडण्याचा अनुभव ज्याने घेतला त्याला पुढच्या वेळेची धास्ती बसणे स्वाभाविक आहे, आणि धास्तीने श्वास भराभर चालतो, छाती दडपते, बोटांना मुंग्या येतात. दहावीच्या पेपरच्या सकाळी हे दम्याचे आहे की भीतीचे, हे मुलाला कळत नाही. पीक फ्लो मीटर हे फुंकायचे छोटे यंत्र इथे उपयोगी पडते: स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर फुंक गेली तर नळ्या मोकळ्या आहेत, आधी भीतीला हाताळावे, खाली गेली तर औषध घ्यावे. काही किशोरांना, त्यातही खेळाडू मुलींना, श्वास आत घेताना गळ्यात घरघर होते आणि पंपाने मुळीच फरक पडत नाही. तो कंठातल्या पडद्यांचा विकार असू शकतो. त्यावर श्वासाचे व्यायाम शिकवणारे उपचार असतात, पंपाच्या मात्रा वाढवणे नव्हे.

मित्रमंडळींचा वाटा किती मोठा असतो याचा सुंदर दाखला ऑस्ट्रेलियातल्या टॅमवर्थ गावाने दिला. तिथल्या माध्यमिक शाळांत अकरावीच्या मुलांना दम्याचे शिक्षण देऊन त्यांच्याकडून दहावीच्या वर्गांना शिकवले गेले, आणि दहावीच्या मुलांनी नाटुकली, गाणी रचून ती सातवीच्या मुलांपुढे सादर केली. वर्गातल्या सर्वांना शिकवले, दमा असलेल्यांना वेगळे काढले नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या शाळांतल्या दमा असलेल्या मुलांचे जगणे सुधारलेले दिसले, शाळा बुडण्याचे प्रमाण घटले. स्नेहसंमेलनात एकांकिका बसवणाऱ्या आपल्या शाळांना हे परके वाटू नये. शेजारच्या बाकावरच्या मुलाला पंप म्हणजे काय हे ठाऊक झाले की टोपणनाव पडत नाही, आणि झटका आला तर काय करायचे तेही त्याला माहीत असते. मुलाला ताठ बसवायचे, आडवे करायचे नाही. गर्दी हटवायची. तातडीच्या पंपाचे चार फवारे स्पेसरमधून एकेक करून, प्रत्येकाला चार श्वास. चार मिनिटे थांबायचे, फरक नसेल तर पुन्हा तेच आणि १०८ ला फोन. एक वाक्य सलग बोलता न येणे, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे, आणि जोरात वाजणारी छाती अचानक शांत होणे, या खुणा दिसल्यास वाट पाहायचीच नाही. शेवटची खूण फसवी आहे. छाती शांत झाली म्हणजे बरे वाटले असे समजून कितीतरी जण घरीच थांबतात, प्रत्यक्षात हवेची ये-जाच थांबत आलेली असते.

पालकांनी हे सारे एका दिवशी मुलावर टाकायचे नसते आणि शेवटपर्यंत मुठीत धरायचेही नसते. अमेरिकेतल्या २००८ च्या एका अभ्यासात ११ व्या वर्षी औषधाची साधारण निम्मी आणि १५ व्या वर्षी पाऊण जबाबदारी मुलांकडे आलेली आढळली. ती ठरवून दिलेली नव्हती, आपोआप सरकलेली होती, हा त्यातला धोका. आपल्याकडे मूल आठवीत गेले की ‘आता तू मोठा झालास’ एवढ्या वाक्यावर हस्तांतरण होते. त्यापेक्षा टप्पे चांगले: आधी औषध मुलाने घ्यायचे आणि आईने नुसते पाहायचे, मग डबीतले फवारे किती उरले हे त्याने मोजून सांगायचे, मग पंप आणायला औषधांच्या दुकानात त्याने जायचे. सोळाव्या-सतराव्या वर्षी दवाखान्यातली काही मिनिटे डॉक्टरांनी त्याच्याशी एकट्याशी बोलावे. सिगारेटबद्दल, औषध चुकवल्याबद्दल खरे उत्तर तिथेच मिळते. चुकवलेल्या औषधाचा जाब विचारला की पुढच्या वेळी मूल खोटे बोलते. ‘आठवड्यात किती वेळा राहिले?’ असे विचारले की आकडा सांगते. दात घासायच्या ब्रशशेजारी रोजचा पंप ठेवणे ही जुनी युक्ती आजही सर्वांत भरवशाची आहे.

लेखी आराखडा एका पानाचा असावा, मुलाच्या भाषेत, मुलाच्याच अक्षरात असेल तर उत्तम. रोज काय घ्यायचे, खोकला वाढला किंवा रात्री जाग आली तर काय वाढवायचे, आणि कोणत्या क्षणी कोणाला हाक मारायची. मुलांसाठी यंत्राच्या आकड्यांऐवजी लक्षणांवर बेतलेला आराखडा कमी पडत नाही, हे चाचण्यांमधून दिसले आहे. आपला दमा ताब्यात आहे का, हे मूल चार प्रश्नांनी स्वतः तपासू शकते. गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनदाहून अधिक झाला का, रात्री जाग आली का, तातडीचे औषध आठवड्यात दोनदाहून अधिक लागले का, दम्यामुळे काही करायचे राहिले का. चारही उत्तरे नाही आली तर ताबा आहे. वर्षात तातडीच्या तीन किंवा अधिक डब्या संपत असतील, तर मोकळे वाटत असले तरी उपचार अपुरा आहे.

तीन महिने ताबा टिकला की औषधाची मात्रा डॉक्टर एकेक पायरी उतरवतात, आणि काहींना सर्वांत खालची पायरी वर्षानुवर्षे पुरते. ज्यांचा दमा किशोरवयात निवला, त्यांच्यातल्या काहींचा तो पुढे विशी-तिशीत, नव्या शहरातल्या ओलसर खोलीत, गिरणीच्या किंवा बेकरीच्या धुळीत, गरोदरपणात पुन्हा डोके काढतो. पुण्याहून बंगळुरूला शिकायला निघालेल्या मुलीच्या बॅगेत, तीन वर्षे त्रास नसला तरी, मुदतीच्या आतला एक पंप, आराखड्याचे पान आणि नव्या शहरातल्या दवाखान्याचा पत्ता असावा. बॅग भरताना ते तिने स्वतः ठेवलेले असावे.